तुटण्याची जागा

शरणू हत्तुरेनं बिस्किटाचा डबा माझ्या बाकावर ओतला.
तिसऱ्या गिअरचे सहा दात,
आणि तेलात भिजलेला चुरा,
कडक भाकरी मुठीनं फोडल्यासारखा.
"टर्बो मोठा बसवला, अण्णा. इंजिन वाघ झालं.
मागचं सगळं अजून शेळीच आहे."

एप्रिल. अक्कलकोट रोड, एमआयडीसी,
पत्र्याखाली चव्वेचाळीस.
पाना उचलायचा तर आधी ओलं फडकं गुंडाळायचं.

क्लच बदलला पहिल्यांदा,
तांब्याच्या टिकल्यांचा, पाय सोडला की चावणारा.
तो घसरायचा थांबला
तर झटका पुढे सरकला, गिअरबॉक्समध्ये.
तिथं सरळ दातांचे गिअर घातले. ते रडतात,
गाडीत शेजारच्याशी बोलता येत नाही,
पण दात धरून राहतात.
मग प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस गेला.
क्रॉस जाड केला, डिफरन्शियल ओरडायला लागलं.
कोइमतूरच्या ट्रॅकवरून दर महिन्याला
शरणूचा फोन, आणि फोनमध्ये
एक नवीन आवाज:
"ऐका अण्णा, हा कुठला?"
मी डोळे मिटून ऐकायचो. ओळखायचो. बिल वाढायचं.

शेवटी चाकाकडे जाणारे दोन ॲक्सल तेवढे उरले.
"हे इतके दणकट करा," शरणू म्हणाला,
"की पुन्हा तुमचं तोंड बघायला लागू नये."

माझा बाप, राजलिंगम बोद्धुल,
पूर्व भागातल्या चादर कारखान्यात लूमचा फिटर.
धोट्याला टोला देणारा पट्टा तो चामड्याचाच लावायचा.
महिन्यात दोनदा तुटायचा पट्टा,
दहा मिनिटांत नवा.
मालकाच्या पोरानं एकदा नायलॉनचा आणला, न तुटणारा.
पट्टा खरंच नाही तुटला.
बिडाची चौकट उभी तडकली.
अकरा दिवस लूम बंद,
अकरा दिवस आमच्याकडे आमटीत डाळ शोधायची.
बाप तेव्हा एवढंच बोलला होता:
तुटायचं तर आहेच काहीतरी,
कुठं, ते आपण ठरवावं.

इस्माईल मणेरीच्या लेथवर मी दोन्ही ॲक्सल
मधल्या भागात बारीक करून घेतले.
टोकाचे खाचे जाड, कंबर सडपातळ.
इस्माईलनं चष्म्यावरून बघितलं,
"गिऱ्हाईक मारील तुला."
भट्टीतून काढले, तेलात बुडवले,
पुन्हा हलकं तापवून मवाळ केले,
आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत
पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली.
तसलेच आणखी दोन केले,
जुन्या चादरीत गुंडाळून डिकीत ठेवले.
शरणूला कंबर दिसली नाही. रेघ दिसली.
"ही कशाला?"
म्हटलं, तीस फेऱ्या मारून ये, मग सांगतो.

सत्तावीस मारल्या.
अठ्ठाविसाव्या वळणाआधी पिटमध्ये थांबून
खाली वाकून बघितलं त्यानं, माझं न ऐकता,
आणि स्वतःच्या हातानं एक ॲक्सल बदलला. वीस मिनिटं.
गिअरबॉक्स शाबूत, डिफरन्शियल गप्प.
चिडलाही होता, हसतही होता.
"आता पुढे काय मजबूत करायचं?"
"आता ब्रेक," मी म्हटलं. "आणि थोडं डोकं."

काढलेला ॲक्सल संध्याकाळी घरी नेला.
बाप ओट्यावर बसला होता, पंख्याखाली, उघडा.
हल्ली त्याला नीट दिसत नाही.
मांडीवर ठेवला तर अंगठ्यानं
रंगाच्या उंचवट्यावरून चाचपत गेला,
रेघ आता सरळ नव्हती,
पोलादाला कवळून पाव वेढा फिरली होती.
"निम्मळंगा," तो स्वतःच्याच बोटाला म्हणाला.
मग पुन्हा एकदा, उलट दिशेनं.
"सुताचा पीळ आहे हा," म्हणाला,
"चांगला बसलाय.
अजून एक आला असता, तर गेलं होतं."
कुठल्या गिरणीचं, ते मात्र
त्यानं तीनदा विचारलं.